शांत राहण्याचे धडे फक्त मुलांनाच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षेच्या ताणाबद्दलचा आपल्या अंकातला पानभर लेख वाचला. झोप पुरेशी घ्या, दीर्घ श्वास घ्या, मोबाइल लांब ठेवा, पालकांनी शेजारच्या मुलाशी तुलना करू नये, घरातले वातावरण मोकळे ठेवावे. यातले काहीही चुकीचे नाही. पण पूर्ण पानात शाळेने काय करावे याबद्दल एक ओळही नाही. मुलाला सांगितले, आईला सांगितले, वडिलांनी आवाज चढवू नये हेही सांगितले. मग जिथे मूल दहा वर्षे जाते-येते, त्या शाळेला कोण सांगणार?

मला हे लागले, कारण आमच्या घरात या वर्षी दहावी आहे आणि माझ्या मुलीचा ताण घरातून आलेला नाही. तो शाळेतून आला आहे. शाळेचे नाव लिहीत नाही. मुलीचे हॉलतिकीट अजून शाळेच्या ताब्यात आहे, एवढे कारण पुरे.

प्रिलिमचा निकाल लागला आणि दुसऱ्याच दिवशी दहावीच्या तुकड्या मोडून दोन गट केले. एक ‘विशेष’, दुसरा ‘नियमित’. याद्या गुणांसकट जिन्याजवळच्या फलकावर लावल्या, म्हणजे पाचवीच्या पोरांनीसुद्धा येता-जाता वाचाव्यात. विशेष गटाला रोज जादा तास, सराव पेपर, सगळे अनुभवी शिक्षक. नियमित गटाला निरोप मिळाला, ‘तुम्ही घरीच अभ्यास करा, काही अडलं तर या.’ माझी मुलगी बीजगणितातले अडले म्हणून गेली, तर शिक्षक वरच्या मजल्यावर विशेष गटाला शिकवत होते. ती तासभर व्हरांड्यात थांबली आणि परत आली. दुसऱ्या दिवशी मी जा म्हटले, तर म्हणाली, ‘आई, आम्ही गेलो की त्यांना अडचण होते गं.’

ही मुलगी तीन वर्षे शाळेच्या खो-खो संघात आहे. जिल्हा पातळीवर खेळून आली तेव्हा शाळेने गेटवर फ्लेक्स लावला होता, प्रार्थनेच्या वेळी पुढे बोलावून टाळ्या वाजवल्या होत्या. त्या दिवशी ती शाळेची होती. प्रिलिममध्ये ६४ टक्के पडले आणि ती शाळेची राहिली नाही.

मग निरोप समारंभ. त्यालाही आधी ‘वेळ जातो’ म्हणून नकारच होता, पालकांनी फार धरल्यावर एका दुपारी उरकला. मुलींनी साड्या नेसल्या होत्या. माझ्या मुलीने माझी मोरपंखी पैठणी नेसली होती. सकाळपासून निऱ्या नीट बसेनात म्हणून दोनदा सोडून पुन्हा नेसवली, मावशीकडून मोत्यांच्या कुड्या आणल्या. भाषणे झाली. एका खासगी क्लासचे संचालक प्रमुख पाहुणे होते, ते अकरावीच्या कटऑफवर बोलले. मुलांमधल्या एकालाही बोलू दिले नाही, कारण वेळ नव्हता. शेवटी फोटोची वेळ आली. पायऱ्यांवर सगळी मुले आपापल्या मैत्रिणी, दोस्त धरून उभी राहिली होती. बॅनर आणला आणि एका शिक्षकांनी हात हलवत सांगितले, ‘नियमितवाले जरा बाजूला व्हा रे, आधी विशेषचा काढून घेऊ, जाहिरातीला लागतो.’

पोरे पायऱ्यांवरून खाली उतरली. दहा वर्षे एका बाकावर बसलेल्या दोघींपैकी एक वर राहिली, एक खाली आली. विशेषचा फोटो झाला, मग ऊन गेले, मग संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना निघायचे होते. सगळ्यांचा एकत्र फोटो राहूनच गेला. मी गेटपाशी उभी राहून हे पाहिले आहे. रात्री तिने जेवायला नको म्हटले. दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या लेखात मी वाचत होते, की मुलांना दीर्घ श्वास घ्यायला सांगा.

संपादक महोदय, शिक्षकांच्या त्या एका वाक्याने माझ्या मुलीचे जे झाले, ते कोणत्या श्वासाने भरून निघेल? प्रश्न मी कळवळून विचारते आहे.

शाळेत भेटायला गेले. मुख्याध्यापक सभ्यपणे बोलले, पण उत्तर एकच, ‘ताई, निकालावर शाळेचं नाव असतं, शंभर टक्के निकाल लावायचा असतो.’ निकाल शंभर टक्के लावायचा असेल तर कच्च्या मुलांना शाळेत बसवून घ्यायला हवे ना? की घरी पाठवायला? आणि राज्याचा निकालच २०२५ मध्ये ९४.१० टक्के लागला. सोळा लाखांच्या आसपास मुले बसली होती. म्हणजे शंभरातली चौऱ्याण्णव पोरे पास होतात, तरी पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनात आपण असे भरून ठेवतो की यापुढे दरी आहे. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळतो, जून-जुलैत पुरवणी परीक्षा होते, गुण कमी पडले तर श्रेणीसुधारसाठी पुन्हा बसता येते. हे शाळेने एकदा तरी मुलांसमोर उभे राहून सांगितले का? मी मुलीला विचारले, तिला एटीकेटी फक्त कॉलेजात असते असे वाटत होते. ही माहिती दिली तर मुले अभ्यास सोडतील अशी भीती शिक्षकांना वाटते. मुले अभ्यास सोडत नाहीत हो, त्यांच्या पोटातला गोळा तेवढा जातो.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विशाखापट्टणमच्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा. परीक्षेच्या काळात मुलांच्या छोट्या गटांना मार्गदर्शक नेमून द्यावेत. शक्यतो गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत अपमान करू नये. त्या निकालपत्रात २०२२ सालचा विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांचा आकडा आहे, १३,०४४. आणि त्या वर्षी राज्यांमध्ये महाराष्ट्र सर्वांत वर होता. आमच्या शाळेत विद्यार्थी शंभरापेक्षा कितीतरी जास्त आहेत, समुपदेशक नाही. मी विचारले तेव्हा समजले की चित्रकलेच्या शिक्षकांकडे तो ‘चार्ज’ आहे. ते भले गृहस्थ आहेत, पण त्यांच्याकडे ग्रंथालय आणि पोषण आहाराचे रजिस्टरही आहे. मुलाने रडत यायचे ते कधी?

मंडळ दर वर्षी समुपदेशकांचे मोबाइल क्रमांक जाहीर करते, मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. हे चांगले आहे आणि ज्यांना गरज आहे त्यांनी जरूर फोन करावा. पण अनोळखी माणसाला फोन करून मन मोकळे करायला पंधरा वर्षांच्या मुलाला केवढा धीर लागतो! त्याच्या आधीची पायरी म्हणजे रोजचे ओळखीचे शिक्षक. ते नुसते ‘काय गं, झोपलीस का नीट?’ म्हणाले तरी अर्धे काम होते.

मी हे अनुभवाने सांगते. मी १९९१ ची दहावी, गाव डोंगरातले. आमच्या शाळेत जानेवारीपासून रात्रअभ्यासिका असायची. मुले शाळेतच वळकट्या घेऊन झोपत, आम्ही मुली बाईंच्या घरी माजघरात. वीज गेली की गॅसबत्ती. पहाटे बाई स्वतः उठून चहा करत आणि एकेकीच्या डोक्याला हात लावून उठवत. कोणाला किती पडतात यावर चहा ठरत नव्हता. संध्याकाळी पुस्तके मिटायला लावून लंगडी खेळायला लावत, आणि जी नापास होणार असे सगळ्यांना वाटत होते ती लंगडीत सगळ्यांना बाद करायची, तेव्हा बाई तिच्या नावाने ओरडायच्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी आम्हा सगळ्यांना एसटीने तालुक्याला नेऊन केंद्र दाखवले. कोणती खोली, कोणता बाक, पाण्याची टाकी कुठे, मुलींची मुतारी कुठे. बाकावर बसवून पाहिले. दुसऱ्या दिवशी पेपरला बसताना ती जागा परकी वाटली नाही. आमच्यातल्या दोघी त्या वर्षी नापास झाल्या, ऑक्टोबरच्या परीक्षेत निघाल्या, आणि बाईंच्या घरी पुन्हा राहूनच निघाल्या. बाईंकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती. शाळेला समुपदेशक हवाच, पण बाईंनी केले ते आजही कोणत्याही शिक्षकाला करता येईल आणि त्याला अनुदान लागत नाही.

आता शाळांनी दहावीचे पीटीचे तास दिवाळीतच काढून टाकलेले असतात. गणिताला दिलेले ते तास. अहो, मंडळ स्वतः खेळाडूंना आणि चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्यांना सवलतीचे गुण देते! म्हणजे मंडळाला खेळ हवा आहे, शाळेला नको. शेवटच्या महिन्यात रोज अर्धा तास मुले मैदानावर एकत्र खेळली तर निकाल बुडणार आहे का? उलट ज्याला वर्गात मान नाही त्याला मैदानावर मिळतो, आणि तो घेऊनच तो पेपरला बसतो.

आपल्या वृत्तपत्राबद्दलही लिहायचे आहे, राग नसावा. मे महिन्यात आपल्याच पहिल्या पानावर क्लासेसच्या जाहिराती येतात, टपाल तिकिटाएवढ्या चेहऱ्यांच्या रांगा आणि खाली टक्के. आमच्या शाळेतला तो फोटोही अशाच पानासाठी होता. जाहिरातीवर वृत्तपत्र चालते हे मला समजते. तरी निकालाच्या दिवसापुरते तरी पहिले पान यातून मोकळे ठेवता आले तर पाहा. ‘रणसंग्राम’, ‘अग्निपरीक्षा’ असे मथळेही बंद करा. पोरे घाबरतात, खरेच घाबरतात.

आम्ही काही पालकांनी मिळून ठरवले आहे की एका रविवारी दोन्ही गटांची सगळी मुले शाळेच्या मैदानावर बोलवायची, खो-खो, लंगडी, दुपारी मिसळ, आणि सगळ्यांचा एकत्र फोटो. मैदान द्या असा अर्ज शाळेला दिला आहे, अजून उत्तर नाही. मैदान मिळाले नाही तर गावातल्या देवळाच्या पटांगणात करू. नियमित गटाच्या मुलांना निदान आठवड्यातून तीन दिवस शंकानिरसनासाठी शिक्षक द्या, फलकावरच्या याद्या काढा, हेही त्याच अर्जात आहे. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रत दिली आहे. त्यांनी हे पत्र वाचले तर कृपया अर्ज शोधावा.

आणि एक. पेपर अकराला असतो, मुलांनी साडेदहाला केंद्रावर हजर राहायचे असते. आमच्या बाजूच्या वाड्यांवरून येणारी एसटी पावणेअकराच्या आधी स्टँडवर लागत नाही, आणि त्या वाड्यांमधली मुले कमी नाहीत. गेल्या वर्षी बारावीच्या मुलींनी खडीच्या ट्रकला हात करून केंद्र गाठल्याचे सगळ्यांना माहीत आहे. मुलींना पास मोफत आहे, पण गाडी वेळेवर नसेल तर पास काय कामाचा? आगारप्रमुखांना विनंती आहे, परीक्षेपुरती ही फेरी एक तास अलीकडे घ्यावी. इतर प्रवासी तक्रार करणार नाहीत, आम्ही त्यांच्याशी बोललो आहोत.

आपली,
दहावीतल्या मुलीची आई
(सातारा जिल्हा; नाव न छापण्याची विनंती)