कुलूपवाल्या काकूंना

काकू, सा. न.

तुमचे आभार तुमच्याकडे येऊन मानायचे होते. दोनदा आलेही. पण तुम्ही चहा टाकता, विषय भलतीकडे जातो, आणि घसा दाटून आला की मी उगाच सासूबाईंच्या गुडघ्याबद्दल बोलायला लागते. म्हणून लिहितेय. आणि चारचौघांत लिहितेय, कारण चारचौघांतल्या काही जणांनी हे वाचावं अशी माझी फार इच्छा आहे.

डोंबिवलीहून आम्ही न्यू जर्सीत एडिसनला आलो तेव्हा लेक सहावीत जायची होती. इथे सरकारी शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते हे कळलं, आणि आम्ही घरं बघायचं सोडून शाळाच बघत सुटलो. मिडल स्कूल, म्हणजे सहावी ते आठवीच्या शाळा, चार. जॉन ॲडम्स, वुड्रो विल्सन, हर्बर्ट हूवर, थॉमस जेफरसन. लेक म्हणाली, "आई, चौघंही प्रेसिडेंट होते, कुणीही चालेल." तिला चाललं असतं, आम्हाला चालेना. पहिल्या दोन शाळांतली मुलं पुढे जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूलला जातात, उरलेल्या दोघांतली एडिसन हायस्कूलला. गावात आखलेल्या या एका रेषेवर आपल्या लोकांच्या किती पार्ट्या रंगतात आणि किती नवराबायको भांडतात, ते तुम्ही माझ्याहून जास्त बघितलंय.

आमचा एजंट रेषेच्या एकाच बाजूची घरं दाखवत राहिला. भाडं झेपत नाही असं तीनदा सांगून झालं, चौथ्यांदाही त्याच बाजूला गाडी. ज्या ओळखीच्यांनी "अरे या तर खरं, सगळं समजावून सांगतो" म्हणून बोलावलं होतं, त्यांनी आम्ही आल्यावर दोन शनिवार पुढे ढकलले आणि मग एक लिंक पाठवली. एका मैत्रिणीने आवाज खाली आणून सांगितलं, "तिकडे क्राउड वेगळा आहे गं." क्राउड म्हणजे कोण, हे मी तिला विचारलं नाही. विचारायला हवं होतं. ते अजून टोचतं.

नवऱ्याने एक्सेल केली. चौदा रकाने, शाळेला दहापैकी किती गुण इथपासून गणितात किती टक्के पास इथपर्यंत. रात्री अकराला त्यावरून वाद, आणि पोरगी शेजारच्या खोलीत जागी.

मग ओक ट्री रोडवरच्या वाणसामानाच्या दुकानात, कोथिंबिरीपाशी, मी फोनवर रडकुंडीला येऊन बोलत होते आणि तुम्ही ऐकलंत. फोन ठेवल्यावर म्हणालात, "कुठली गं तू? डोंबिवली पूर्व की पश्चिम?"

तुम्ही मिडल स्कूलमध्ये कित्येक वर्षं लंच एड होता, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत पोरांवर लक्ष ठेवायचात, हे मला त्या रविवारी तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा कळलं. आमच्या एक्सेलवरून नजर फिरवून तुम्ही म्हणालात, "हे सगळे आकडे पोराला घरून काय मिळतं ते सांगतात. शाळा काय देते ते कुठाय?" मग राज्य सरकारचा शाळांबद्दलचा परफॉर्मन्स रिपोर्ट उघडायला लावलात आणि ग्रोथचा आकडा दाखवलात. आधीच्या परीक्षेत सारखेच गुण असलेल्या राज्यभरातल्या मुलांच्या तुलनेत हे मूल किती पुढे सरकलं, ते त्यात कळतं. शिवाय वर्षाचे दहा टक्के किंवा त्याहून जास्त दिवस गैरहजर राहणारी मुलं किती, तेही. "पोरांना शाळेत यावंसं वाटतं का, ते इथे बघ." चौदा रकान्यांत हा नव्हता. आमची शीट दहा मिनिटांत निम्म्यावर आली, आणि रेषेच्या दोन्ही बाजू आम्हाला पहिल्यांदाच सारख्या नजरेने दिसल्या.

पण आभार त्याचे नाहीत. रिपोर्ट कधीतरी आम्हालाही सापडला असता.

निघताना चपला घालता घालता तुम्ही लेकीला विचारलंत, "तुला कसली भीती वाटते गं?" ती पटकन म्हणाली, "लॉकरची."

आम्ही दोघं बघतच राहिलो. डोंबिवलीत तिच्या शाळेत पोरं एका वर्गात बसायची आणि बाई बदलायच्या. इथे बाई जागेवर, पोरांनी तासागणिक वर्ग बदलायचा, आणि मधल्या मिनिटांत आकड्यांचं कुलूप उघडून पुस्तकं काढायची. कुलूप उघडलं नाही, उशीर झाला, सगळे हसले, हे ती आल्यापासून मनात घोळवत होती. आमच्या चौदा रकान्यांना त्याची गंधवार्ता नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही तसलंच एक कुलूप पर्समधून काढून आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवलंत. उजवीकडे तीन फेरे, पहिल्या आकड्यावर थांब. डावीकडे एक पूर्ण फेरा, पहिला आकडा ओलांडून दुसऱ्यावर. मग उजवीकडे थेट तिसऱ्यावर, आणि खेच. पंधरा-वीस वेळा तरी चुकली असेल. तुम्ही एकदाही तिच्या हातातून ते घेतलं नाहीत. मला राहवेना, मी हात पुढे केला, तर माझ्या हातावर चापट मारलीत! शेवटी खट्कन उघडलं तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त परत लावून परत उघडलं. मग डोळे मिटून. डाळ उतू जाऊन शेगडीवर सांडली तरी कुणी उठलं नाही.

ना ओळख, ना देणंघेणं. तुमच्या त्या गुडघ्यांनी दोन मजले चढून आलात. लिंक पाठवणं सोपं असतं काकू, आता मला कुणी लिंक पाठवली की आधी तुमची पर्स आठवते.

शाळा कुठली घेतली ते इथे लिहीत नाही, नाहीतर खाली कमेंटमध्ये लोक लगेच रेषेवरून सुरू होतील. पहिल्या दिवशी घरी आल्यावर मी विचारलं, कशी आहे शाळा? म्हणाली, "शेजारच्या लॉकरवालीचं उघडत नव्हतं, मी उघडून दिलं. जेवायला एकत्र बसलो."

शनिवारी कुलूप परत आणून देते, सोबत पुरणपोळ्या आहेत. लेकीलाच घेऊन येईन. मला ते अजून उघडत नाही.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची