ब्लीच केलेल्या केसांची मुळे आणि फसलेले टच-अप

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

केस सोनेरी किंवा राखाडी छटेत कसे रंगवावेत, याविषयी आपल्या पुरवणीत वरचेवर मजकूर येतो; मात्र महिन्या-दीड महिन्याने काळी मुळे दिसू लागल्यावर काय करावे, याविषयी क्वचितच काही छापून येते. नाशिकमध्ये गेली २२ वर्षे पार्लर चालवताना मी जे बिघडलेले केस पाहिले, त्यांतील बहुतेक पहिल्या ब्लीचने नव्हे, तर नंतरच्या टच-अपने, म्हणजे नव्या काळ्या वाढीला पुन्हा ब्लीच लावताना, बिघडलेले होते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या महिन्यात एक मुलगी साखरपुड्याला चार दिवस उरले असताना आली. तीन महिन्यांची वाढ तिने घरीच एका दमात ब्लीच केली होती. डोक्याला लागून सेंटीमीटरभर फिकट पिवळा, त्याखाली दोन बोटे रुंद गाजरासारखा नारिंगी आणि पुढे आधीचा राखाडी-सोनेरी, असे तीन पट्टे खिडकीच्या उजेडात स्पष्ट दिसत होते. मागची एक बट ओली करून मी हलकेच ओढली, तर ती रबरासारखी ताणली गेली आणि माझ्या बोटांतच तुटली.

असे होण्याचे कारण साधे आहे. टाळूच्या उबेने ब्लीच वेगाने काम करते, परंतु ही ऊब मुळापासून साधारण एक-दीड सेंटीमीटरपर्यंतच पुरते. केस महिन्याला सरासरी सव्वा सेंटीमीटर वाढतात. त्यामुळे चार ते सहा आठवड्यांत टच-अप केले तर बहुतेक सगळी नवी वाढ या उबेच्या पट्ट्यात येते आणि सारखी उजळते. तीन महिने थांबल्यास तीच वाढ दोन वेगळ्या वेगांनी उजळते. अशा वेळी टाळूलगतचा सेंटीमीटरभर भाग कोरडा सोडून आधी मधल्या भागाला ब्लीच लावावे आणि तो पुरेसा उजळत आला की मगच मुळांना हात घालावा. भांग अगदी बारीक पाडावेत, कारण जाड बटेत ब्लीच आतपर्यंत पोहोचत नाही. सुरुवात मागून करावी आणि कपाळाकडचे नाजूक केस शेवटी घ्यावेत. जुन्या, आधीच उजळलेल्या केसांवर ब्लीच ओघळू देऊ नये. त्यांना आधीच कंडिशनर किंवा खोबरेल तेल लावून ठेवावे. ती बट तुटली, ती तिथे दुसऱ्यांदा ब्लीच बसल्यामुळेच.

लवकर उरकावे म्हणून ४० व्हॉल्यूमचा, म्हणजे १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा, डेव्हलपर (ब्लीच पावडरीत मिसळायचे द्रावण) थेट टाळूवर लावण्याचा मोह मला तर धोकादायक वाटतो. २० व्हॉल्यूमने, म्हणजे ६ टक्क्यांनी, वेळ अधिक लागतो, पण हातात ताबा राहतो. मुळे जितकी उजळतील तितकी उजळवणे हा हेतूच नसतो. जुन्या केसांचा टोनरखालचा (टोनर म्हणजे ब्लीचनंतर छटा साधण्यासाठी लावायचा हलका रंग) पिवळेपणा जेवढा आहे तिथेच मुळे थांबवायची असतात. टोनर केस उजळवत नाही. जांभळ्या छटेचा टोनर पिवळेपणा दाबतो, निळ्या छटेचा नारिंगीपणा, एवढेच त्याचे काम. शिवाय जुने केस सच्छिद्र झालेले असल्याने टोनर पटकन शोषून घेतात, त्यामुळे तो आधी मुळांना आणि लांबीला शेवटची काही मिनिटेच लावावा. नाहीतर खालचे केस करडे आणि मुळे पिवळी दिसतात.

आपल्याकडच्या दोन गोष्टी इथे सांगायलाच हव्यात. मेंदी लावलेल्या केसांवर ब्लीच सारखे चढत नाही आणि धातूंचे क्षार असलेल्या मेंदीची पेरॉक्साइडशी रासायनिक क्रिया होऊन केस जळू शकतात. म्हणून पूर्वी काय लावले होते ते पार्लरमध्ये खरे सांगावे आणि एका बटेवर चाचणी करून घ्यावी. बोअरच्या पाण्यातले लोह व इतर क्षारही उजळ केसांवर साठून त्यांना पिवळट-तांबूस करतात. अशा घरांतून आलेल्या मुली "टोनर टिकला नाही" असे म्हणतात, तेव्हा बरेचदा दोष पाण्याचा असतो.

माझ्या व्यवसायबंधू-भगिनींना विनंती आहे की, प्रत्येक ग्राहकाचे कार्ड ठेवावे: कोणता डेव्हलपर, किती मिनिटे, कोणता टोनर. पार्लर बदलले की ही माहिती हरवते आणि नवी व्यक्ती अंदाजाने काम करते. याची किंमत ग्राहकाचे केस मोजतात.

त्या मुलीच्या केसांना मी पुन्हा ब्लीच लावले नाही. मुळांपासून नारिंगी पट्ट्याच्या शेवटापर्यंतचा भाग मऊ तपकिरी केला आणि पुढे तो रंग कंगव्याने हळूहळू विरळ करत जुन्या सोनेरी छटेत मिसळला. साखरपुड्याच्या फोटोंत तिची मुळे गडद आहेत, पण पट्टा नाही. तिच्या कार्डाची एक प्रत तिच्याजवळ दिली आहे.

आपली,
एक पार्लरचालक वाचक, नाशिक