श्रावण धरण्याआधी

मिरज
आषाढ वद्य सप्तमी

प्रिय सुऱ्या,

परवा फोनवर म्हणालास, "गटारी झाली की बंद. श्रावणात थेंब नाही." मी "छान" म्हणून फोन ठेवला आणि रात्रभर कूस बदलत राहिलो. फोनवर सांगायला गेलो तर तू मधेच हसून विषय उडवतोस, म्हणून लिहायला बसलोय. मंदावहिनींनाही वाचायला दे. आधी चिडतील, पण दे.

एकट्यानं, एकदम दारू सोडू नकोस. सांगायचं आहे ते एवढंच.

अण्णाचं तुला अर्धवट माहीत आहे. "चक्कर येऊन पडला, ॲडमिट केला" असं आम्ही सगळ्यांनाच सांगितलं होतं. खरं असं, की दोन वर्षांपूर्वी त्यानंही असाच श्रावण धरला. रोजची एक क्वार्टर, कधी दीड. पहिल्याच संध्याकाळी चहाची बशी हातात खडखडायला लागली. अण्णाच्या बायकोला, आमच्या वहिनीला, वाटलं, सोमवारचा उपास सोसला नाही. दुसऱ्या दिवशी घाम, उलट्या, झोपेचं नाव नाही. तिसऱ्या रात्री दोनला वहिनीचा फोन. जाऊन बघतो तर अण्णा पलंगावर मांडी घालून चादरीवरनं काहीतरी वेचतोय. चिमटीत धरायचा, माझ्या तळहातावर ठेवायचा. "मुंग्या बघ किती. लाल आहेत, चावतील." हातावर काहीच नाही. मला तो बाबा समजत होता. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. शेजारच्या काकू म्हणाल्या, बाहेरचं आहे, अमावस्या नुकतीच झालीय. नारळ ओवाळून टाकायची तयारी झाली. खोटं कशाला सांगू, पाच मिनिटं माझंही मन डळमळलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नाडी बघता बघता पहिला प्रश्न केला, "शेवटची कधी घेतली?" वहिनी मोठ्या अभिमानानं म्हणाली, "तीन दिवस झाले, हातसुद्धा लावला नाही." बाई म्हणाल्या, "म्हणूनच." या अवस्थेला डिलीरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार नाही मिळाले तर माणूस जातोसुद्धा. दारू पिऊन नव्हे, दारू थांबवून.

हे डोक्यात शिरायला मला वेळ लागला. सातवीतली रस्सीखेच आठवते? ब तुकडी जीव खाऊन ओढत होती आणि तुझ्या खुणेवर आपण दोर सोडून दिला. सगळी तुकडी उताणी! मेंदूचं तसंच होतं. दारू मेंदूला थंड करते. गाबा नावाचं शांत करणारं रसायन असतं, त्याचा जोर ती वाढवते आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटला दाबते. वर्षानुवर्षं रोज तेच झालं की मेंदू उलट्या बाजूनं ओढायला शिकतो, शांत करणारं कमी, चेतवणारं जास्त. दोन्हीकडून ताण सारखा, म्हणून माणूस उभा दिसतो, कामावर जातो, हिशेब करतो. मग एका सकाळी दारू दोर सोडते. काही तासांत हात कापतात, पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर मुंग्या.

"मला चढत नाही" असं तू छाती काढून सांगतोस ना, त्याचाही अर्थ हाच. मेंदू दोर ओढायला तयार झालाय. यकृत मात्र फारसं काही शिकत नाही. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये जवळजवळ ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं आणि यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅमच निपटवतं. लिंबू पिळ, काळी कॉफी घे, वेग तोच. म्हणजे रात्री नऊची क्वार्टर पहाटेपर्यंत रक्तात. ती उतरली की तुझा हात कापायला लागतो. बँकेतल्या सहीचा विनोद तू स्वतःच सांगितला होतास, "सकाळी सही जुळत नाही, दुपारी जुळते." सगळे हसले, मीही हसलो. आणि रविवारचा तो 'उतारा', तो सुटलेला दोर परत धरण्याचाच प्रकार आहे.

माझ्या मुलीच्या साखरपुड्याची रात्र तुला अजून आठवत नाही. तू पडला नव्हतास. रिक्षावाल्याशी घासाघीस केलीस, सुट्टे मोजून घेतलेस, व्याह्यांना शाळेतला तोच किस्सा तीनदा सांगितलास. सकाळी सगळं कोरं. झोपेत विसरलास असं नाही, ते कधी नोंदलंच गेलं नव्हतं. आठवणी साठवणारा मेंदूचा भाग तेवढा वेळ बंद होता. व्याही अजून विचारतात तुझ्याबद्दल. प्रेमानंच.

तू म्हणशील, गेली सहा वर्षं श्रावण पाळतोय, काही झालं नाही. तेव्हा पेग होता, आता क्वार्टर आहे. शिवाय डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते विसरता येत नाही: वारंवार सोडणं आणि धरणं यानं मेंदू दर वेळी जास्त बिथरतो. दीड महिना पाळून गणपती विसर्जनानंतर दुप्पट जोमानं बसायचं, ही आपली पद्धत त्या दृष्टीनं वाईटच.

अण्णाला आधी बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं, मग सलाइन. वहिनी कुजबुजली, "एवढा आजारी माणूस आणि व्हिटॅमिन?" बाईंनी समजावलं, की पिणाऱ्याच्या अंगात बी-वन बऱ्याचदा फारसं उरलेलं नसतं, त्यात नुसतं ग्लुकोज चढवलं तर असेल नसेल तेही संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. मग आठवडाभर शांत करणारी गोळी, रोज थोडी कमी करत. पाचव्या दिवशी अण्णानं मला नावानं हाक मारली.

तेव्हा असं करू. ती गोळी कुणाकडनं मागून आणू नकोस. दारूवर पडली तर श्वास मंदावतो. सोमवारी मी कोयना एक्स्प्रेसनं पुण्याला येतो. मंगळवारी दोघं मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊ. येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, अवचट दांपत्यानं १९८६ साली सुरू केलेलं. तिथं जायला लाजायचं कारण नाही, तुझ्या-माझ्यासारखेच असतात सगळे. तोवर स्कूटर घरी ठेव, आणि मर्दुमकी म्हणून एकदम शून्यावर येऊ नकोस. किती घेतोस ते डॉक्टरांना खरं सांगायचं. तू दोन पेग म्हणालास तर मी तिथंच क्वार्टर म्हणणार आहे.

मंदावहिनींना म्हणावं, येताना अण्णानं दिलेली हळद आणतोय. पोत्याला टाका त्यानंच घातलाय, सरळ आलाय.

तुझा,
बाळ्या