घाटातले न्यूट्रल आणि मालकाचे बक्षीस

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मालवाहू वाहनाचा अपघात झाला की बातमीत ‘चालकाचा ताबा सुटल्याने’ हे शब्द ठरलेले असतात. तो किती तास जागा होता, त्याला कोणी आणि कोणत्या अटीवर रस्त्यावर पाठविले होते, हे मात्र क्वचितच विचारले जाते. शिरपूर परिसरात माझा खते-बियाणे वितरणाचा व्यवसाय असून आमच्याकडे सहा पिकअप आणि दोन ट्रक आहेत. म्हणूनच हे पत्र चालकांविषयी नसून आम्हा मालकांविषयी आहे.

काही वर्षांपूर्वी डिझेलचा खर्च आटोक्यात यावा म्हणून चांगला अ‍ॅव्हरेज काढणाऱ्या चालकास मी दरमहा बक्षीस सुरू केले. आकडे लगेच सुधारले. पुढे एकदा छत्रपती संभाजीनगरहून माल घेऊन येणाऱ्या आमच्याच पिकअपमध्ये मी बसलो, तेव्हा कारण कळले. कन्नड घाटाचा उतार लागताच चालकाने गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. थोड्याच वळणांनंतर केबिनमध्ये ब्रेकच्या जळक्या लायनरचा (चाकाला घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्यांचा) वास भरला, ब्रेकचे पेडल खोल जाऊ लागले आणि गाडी डोंगराच्या कडेला कशीबशी थांबली. मी रागावलो, तर तो शांतपणे म्हणाला, ‘‘शेठ, गिअरमध्ये उतरलो तर तुमचा अ‍ॅव्हरेज कसा यायचा?’’

गाडी गिअरमध्ये असते तेव्हा इंजिन तिला मागे धरून ठेवते. न्यूट्रलमध्ये तो आधार जातो, सारा भार लायनरवर येतो आणि ते तापले की पकड सुटते. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हे जुने चालक सांगत आले आहेत. गंमत म्हणजे, आजच्या इलेक्ट्रॉनिक डिझेल इंजिनांत गिअरमध्ये उतरताना इंधनपुरवठा जवळजवळ बंदच होतो. म्हणजे ज्यासाठी मी बक्षीस देत होतो ती बचतही बहुतांशी खोटी होती. जुलै २०२३ मध्ये बिजासन घाट उतरून आलेला कंटेनर पळासनेर येथे हॉटेलात घुसला, त्यावेळीही ब्रेक निकामी झाल्याचेच सांगण्यात आले होते.

कामाच्या तासांचीही हीच कथा आहे. मोटार वाहतूक कामगारांसाठी दिवसाला आठ तासांची मर्यादा १९६१ च्या अधिनियमानेच घातली होती. तथापि रावेर-सावद्याकडे केळीची गाडी भरेपर्यंत चालक दिवसभर उन्हात उभा असतो, ते तास कोणी ड्युटीत धरत नाही, आणि संध्याकाळी ताडपत्री बांधून झाली की त्याला थेट उत्तरेकडे पिटाळले जाते. वर ‘कुठपर्यंत पोहोचलास?’ म्हणून दर तासाला आम्हीच फोन करतो आणि त्याने तो चालत्या गाडीतच उचलावा, अशी आमची अपेक्षा असते.

दुचाकीवर गावोगाव फिरणारे विक्री प्रतिनिधी तर आम्हाला चालक वाटतच नाहीत. दिवसाला किती गावे करायची ते आम्ही ठरवतो आणि अंधारात ते मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळले की दैवाला दोष देतो.

मी अ‍ॅव्हरेजचे बक्षीस बंद केले आहे. घाटाच्या फेरीआधी लायनर व टायर तपासल्याची नोंद वहीत झाल्याशिवाय आता आमची गाडी फाटकाबाहेर जात नाही. रात्रीच्या फेरीचा चालक त्या दिवशी भरणीला थांबत नाही. त्यापायी एक जादा माणूस ठेवावा लागला आणि तो खर्च मला जाणवतो, हेही कबूल करतो.

आपल्या वार्ताहरांनी अपघाताच्या बातमीत चालक किती तासांपासून कामावर होता, एवढी एक ओळ विचारून द्यावी, ही विनंती.

आपला,
एक व्यावसायिक, शिरपूर (जि. धुळे)