मीठ ओतले म्हणजे अर्थिंग झाले असे नाही

मा. संपादक,
स. न.

वळवाआधीच्या दिवसांत शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार जत-आटपाडीच्या माळापासून मिरजेच्या नदीकाठापर्यंत सारखीच. त्यावर ठरलेला इलाज म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्यात, म्हणजे पेटीवर उतरलेली वीज जमिनीत सोडणारा पाइप पुरलेला असतो तिथे, घमेलेभर मीठ आणि वर घागरभर पाणी. मुंग्या थांबतात आणि श्रेय मिठाला जाते. निम्मे काम पाण्याचे असते.

तारेत वीज वाहते ती मोकळ्या इलेक्ट्रॉनमुळे. धातूचे अणू जागचे हलत नाहीत. मातीत ते काम ओलाव्यात विरघळलेल्या क्षारांचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, स्वतः सरकून करतात. कोरड्या मिठात आयन असतात, पण खड्यात जखडलेले. म्हणून सुक्या मुरमात नुसते मीठ टाकणे फुकट. आणि ओलावा असला तरी किती फरक पडावा? समुद्राच्या खारट पाण्यापेक्षाही तांबे सुमारे एक कोटी पटीने सुवाहक आहे. अडथळा तारेत नसतो, पाइपाभोवतीच्या मातीत असतो, आणि त्यातला बराचसा अगदी लगतच्या थरात. काळी माती उन्हाळ्यात भेगाळून पाइपापासून सुटली की मध्ये हवाच उरते. एरवी उष्णतेचा दोष नाही: तापल्यावर तांब्याचा अवरोध अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, ओल्या मातीचा उलट कमी होतो. मे महिन्यात नडतो तो कोरडेपणा.

आता मिठाची दुसरी बाजू. पावसात ते धुपून खाली जाते आणि असेपर्यंत जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपाचा जस्ताचा थर, मग लोखंड खाते. वाळवा-मिरजेच्या क्षारपड पट्ट्यात तर जमिनीतच क्षार भरपूर. तिथे वरून मीठ घालणे म्हणजे पाइप लवकर सडवणे. त्याऐवजी पाणी धरून ठेवणारी बेंटोनाइट माती पाइपाभोवती ठासून भरावी. पाइप किमान ३८ मिमी आतील व्यासाचा आणि अडीच मीटर लांब हवा. त्यावर तांब्याची तार गुंडाळू नये. ओल लागली की दोन धातूंची बॅटरी होते आणि जस्त झिजते. जीआय पाइपाला जीआय पट्टी, तीही नटबोल्टने. दरवर्षी सांधा उघडून गंज खरवडावा, आवळून वर ग्रीस लावावे.

तपासणीतही गफलत होते. पेटी आणि पट्टी यांत मल्टिमीटर लावून ‘शून्य ओहम’ आला, तर तार शाबूत आहे एवढेच कळते. मातीचे मोजमाप त्याने होत नाही, कारण त्याच्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या) प्रवाहाने आयन टोकांशी साचतात आणि आकडा भरकटतो. अर्थिंग मोजायचा अर्थ टेस्टर एसी (दिशा बदलत राहणारा प्रवाह) वापरतो तो याचसाठी. स्टार्टरकडची जोडणी सोडवून टेस्टरची एक खुंटी पाइपापासून ३० मीटरवर, दुसरी त्याच रेषेत साडेअठरा मीटरवर ठोकावी. मधली खुंटी दोन-तीन मीटर मागेपुढे सरकवूनही आकडा जवळपास तोच आला, तरच तो खरा.

समजा १० ओहम आला. फेज पेटीला टेकली तर २३० व्होल्टला फार तर २३ अँपिअर वाहतील. ३२ अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाहाला आपोआप पडणारा स्विच) त्यावर पडणार नाही आणि पेटी जिवंत राहील. चांगल्या अर्थिंगलाही आरसीसीबीची, म्हणजे थोडी वीज गळली तरी पुरवठा तोडणाऱ्या स्विचची, जोड लागते ती यामुळे. काही महाभाग अर्थिंगच्या जागी न्यूट्रलच पेटीला जोडतात. मोटारीच्या पेटीशी असे कधीही करू नये: वाटेत न्यूट्रल तुटला की पूर्ण २३० व्होल्ट पेटीवर येतात.

अर्थिंग करून देणाऱ्या वायरमनने मे महिन्यातला आकडा आणि तारीख पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहावी, आणि शेतकऱ्याने ती पाहूनच पैसे द्यावेत.

आपला,
एक वाचक, मिरज