खडूच्या रेघेसाठी आभार : टर्नर अण्णांना जाहीर पत्र

सोलापूर

आदरणीय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

क्लचचा चार खाचांचा नट साध्या पान्याने उघडत नाही, त्याला खास सॉकेट लागतो. तो बनवून घ्यायला आम्ही अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुमच्या लेथवर आलो होतो. लहान मुलाची 110 सीसीची जुनी क्वाड बाइक (मोटारसायकलसारख्या हँडलची छोटी चारचाकी) गॅरेजला आली होती. थ्रॉटल दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जागची हलायची नाही. तुम्ही पाइप हातात घेतलात आणि विचारलंत, "चेन फिरते का?" आम्हाला ठामपणे सांगता आलं नाही. तेव्हा तुम्ही खडूचा तुकडा पुढे केलात. "आधी रेघा मारा. इंजिन कुठं पळून जात नाही."

त्या खडूसाठी हे पत्र. जाहीर लिहितोय, कारण अशी सेकंडहँड गाडी घेतलेले आईबाप तीच तक्रार घेऊन येतात आणि मोटारसायकलवर हात बसलेला मेस्त्री सरळ क्लचकडे वळतो. मोटारसायकलला मागची स्प्रॉकेट (चेन चढते ते दातेरी चक्र) चाकावरच बोल्ट केलेली असते. चेन फिरली की चाक फिरलंच पाहिजे, म्हणून संशय पहिल्यांदा इंजिनावर जातो. क्वाडला मध्ये ॲक्सल, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा दांडा, आहे. चेन स्प्रॉकेट फिरवते, स्प्रॉकेट हबला (ॲक्सलवर चढवलेला, भोकात आतून दाते असलेला तुकडा), हब दात्यांनी ॲक्सलला, ॲक्सल पुन्हा दात्यांनी चाकाच्या हबला आणि मग चाक. स्प्रॉकेटपासून चाकापर्यंत दात्यांचे दोन जोड आहेत, आणि स्वस्तातल्या गाड्यांत हबचं लोखंड मऊ असतं. हे तुम्ही दोन मिनिटांत सांगितलंत.

रेघांची पद्धत इथे नीट लिहून ठेवतो, म्हणजे वाचणाऱ्याला घरीही करता येईल. चावी काढायची, मुलाच्या मनगटाला बांधायची सेफ्टी दोरी काढायची, प्लगची कॅप उपसून बाजूला ठेवायची. फ्रेमखाली भक्कम स्टँड लावून मागची दोन्ही चाकं अधांतरी करायची. चेनजवळ बोटं असताना इंजिन चालू करायचं नाही, अगदी एका किकपुरतंसुद्धा. मग कोरड्या फडक्याने जोड पुसून चार ठिकाणी रेघ मारायची: पुढच्या स्प्रॉकेटवरून शाफ्टच्या टोकावर, मागच्या स्प्रॉकेटवरून तिच्या हबवर, हबवरून ॲक्सलवर, आणि दोन्ही चाकांच्या हबवरून ॲक्सलच्या टोकावर. मधल्या नटवर रेघ नको. नट हबबरोबर फिरला तर रेघ फसवते. तेलकट जागी खडू टिकत नाही, तिथे पांढरा मार्कर.

नंतर प्लगची कॅप परत लावून, गाडी खाली उतरवून पुढचा बंपर भिंतीला टेकवायचा, मोठ्या माणसाने बसून हळूच थ्रॉटल द्यायचा, दोन-तीन सेकंद, त्याहून जास्त नाही, नाहीतर चांगला क्लचही तापून जाईल. इंजिन बंद, चावी बाहेर, आणि वाकून पाहायचं. रेघ जिथे तुटली तिथे दोष.

आमच्या हातातल्या गाडीत रेघ मागच्या स्प्रॉकेटचा हब आणि ॲक्सल यांच्यामध्ये तुटली होती. हबवरची रेघ अंगठाभर पुढे गेलेली, ॲक्सलवरची जागच्या जागी. आणि हबच्या तोंडाशी विटकरी रंगाची बारीक पूड. ती आम्ही आधीही पाहिली होती आणि धूळ समजून पुसली होती. तुम्ही बोटावर घेऊन चोळलीत आणि म्हणालात की ही मातीची धूळ नव्हे, लोखंड लोखंडावर घासून निघालेला गंज आहे. अशी लाल पूड दिसली तर जोड आतून हलतोय हे धरून चालायचं, रेघ अजून तुटली नसली तरी. दुसरी खूण हाताला लागते: स्प्रॉकेट एका हाताने घट्ट धरायची, दुसऱ्या हाताने चाक पुढे-मागे हलवायचं. चांगल्या जोडात हालचाल जवळजवळ नसते. झिजलेल्या जोडात 'टक्' वाजतं, थेट मनगटात जाणवतं.

रेघ दुसरीकडे तुटली तर काय, तेही लिहितो. एकच चाक फिरत नसेल तर त्या चाकाचा हब आणि त्याचा नट. स्प्लिट पिन तुटलेली किंवा पिनऐवजी तार घातलेली आम्ही पाहिली आहे. पिन प्रत्येक वेळी नवी घालावी, चार आण्याच्या पिनसाठी चाक निखळायला नको. पुढची स्प्रॉकेट शाफ्टवर सरकत असेल तर तिला धरणारी पातळ पट्टी आणि तिचे दोन छोटे बोल्ट बघायचे, बहुतेक वेळा 10 नंबरचा पाना लागतो. चारही रेघा जागेवर, इंजिन ओरडतंय आणि पुढची स्प्रॉकेट स्थिर, असं असेल तरच दोष आत आहे. तेव्हासुद्धा क्लच शेवटी. आधी पुढे-न्यूट्रल-रिव्हर्सच्या लिव्हरची सळई बघायची. ती वाकली किंवा तिचा नट ढिला झाला, की लिव्हर पुढच्या गिअरवर दिसतो पण आतला गिअर पूर्ण बसलेला नसतो. मग तेल. या इंजिनात क्लच त्याच तेलात बुडलेला असतो, म्हणून मोटारसायकलचं, डब्यावर जासो एमए लिहिलेलं तेलच हवं. कारच्या पातळ, घर्षण कमी करणाऱ्या तेलावर हा क्लच सरकतो. साधारण 800 ते 900 मिलि तेल बसतं, पण शेवटचा शब्द डिपस्टिकचा. हे दोन्ही ठीक असूनही स्प्रॉकेट फिरत नसेल, तर मग खुशाल सॉकेट बनवायला तुमच्याकडे यावं.

एक चकवा मात्र वेगळा सांगायला हवा. मागचा ब्रेक अडकलेला असला तरी गाडी अशीच वागते: इंजिन ओरडतं, क्लच सरकतो, गाडी रेंगाळते. चाकं अधांतरी करून न्यूट्रलमध्ये हाताने जोरात फिरवली तर निदान एक-दोन फेरे मोकळे फिरायला हवेत. ब्रेकची डिस्क हात न लावता, नुसता जवळ नेऊनच उष्ण वाटली, तर ड्राइव्हकडे बघण्याआधी ब्रेक सोडवा. पार्किंग ब्रेकची केबल बऱ्याचदा आखडलेली असते.

आता तुमच्या खऱ्या उपकाराकडे येतो. हब निकामी झाला हे कळल्यावर कोणीही म्हणालं असतं, वेल्ड मारून टाका. आम्हीही तेच विचारलं होतं. तुम्ही नकार दिलात आणि कारण सांगितलंत. वेल्डच्या उष्णतेने ॲक्सल वाकतो, बेअरिंगच्या सीलचं रबर जळतं, आणि हब ॲक्सलला कायमचा चिकटला की पुढे बेअरिंग बदलायचं झालं तर अख्खा ॲक्सल कापावा लागतो. दोन महिने गाडी चालते आणि मग सगळंच भंगारात जातं.

त्याऐवजी तुम्ही माप घ्यायला शिकवलंत. एका दात्यावर खडूचा ठिपका देऊन दाते मोजायचे, दोनदा मोजायचे. व्हर्नियरने ॲक्सलचा दात्यांवरून बाहेरचा व्यास, दात्यांच्या भागाची लांबी, हबची जाडी आणि स्प्रॉकेटच्या बोल्टांची समोरासमोरची अंतरं लिहायची. "110 सीसीचा हब द्या" असं सांगून मागवलेला हब बसेलच असं नाही, एकसारख्या दिसणाऱ्या गाड्यांत दात्यांची संख्या वेगळी निघते. कागदावर मापं असल्यामुळे नवा हब पहिल्या फेरीत बसला.

आणि तुम्ही न सांगता ॲक्सल लेथवर दोन सेंटरमध्ये धरून डायल (वाक दाखवणारं काट्याचं मापयंत्र) लावलात. काटा मिलिमीटरभर हलला. त्या क्षणी आमच्या दुसऱ्या तक्रारीचं उत्तर मिळालं, जी आम्ही तुम्हाला सांगितलीही नव्हती. या गाडीची चेन एका जागी ताठ आणि अर्धा फेरा पुढे लोंबकळती असायची. आम्ही चेनला दोष देत होतो. वाकलेल्या ॲक्सलवर स्प्रॉकेटचं केंद्रच फिरत असतं, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात चेन एकदा ओढली जाते, एकदा सुटते. तुम्ही प्रेसवर तो सरळ करून दिलात, पुन्हा डायल लावून दाखवलात, आणि डायलचे पैसे घेतले नाहीत.

चेनबद्दल थोडं आमच्याकडून, वाचणाऱ्यांसाठी. या गाडीवर आधीच्या कोणीतरी 420 च्या स्प्रॉकेटवर 428 ची चेन चढवली होती. दोन्हींची पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, 12.7 मिमीच, म्हणून चेन बसते आणि सगळं ठीक वाटतं. पण 420 ची आतली रुंदी 6.35 मिमी, 428 ची 7.94, आणि रोलरही जाड. रुंद चेन अरुंद दात्यांवर डावी-उजवी डुलते, दाते कडेने झिजतात, आणि वळणावर चेन उतरते. लिंकच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तो वाचून दोन्ही स्प्रॉकेटशी जुळवावा. झीज मोजायची तर चेन ताणून 20 लिंक मोजायच्या, म्हणजे पहिल्या पिनच्या मध्यापासून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत. नवी असेल तर 254 मिमी भरते. 259 च्या पुढे गेली की चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदम बदलावीत. झिजून आकड्यासारख्या वाकलेल्या जुन्या दात्यांवर नवी चेन घातली तर ती पहिल्या महिन्यातच उडायला लागते.

ढील बघताना चाक हळूहळू फिरवून सगळ्यात ताठ जागा शोधायची आणि तिथे सीटवर कोणीतरी भार देऊन खालच्या चेनच्या मध्यावर बोटाने वर-खाली करायचं. 15 ते 25 मिमी हालचाल पुरे. त्याहून ताठ ठेवली तर खड्ड्यात मागचा भाग दबताना चेन बेअरिंगला ओढते. मास्टर लिंकच्या क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते तिकडे असावं. उलटं बसवलं तर काडी-कचरा अडकून क्लिप निघते.

49 सीसीच्या टू-स्ट्रोक छोट्या गाड्यांचं गणित थोडं निराळं. तिथे चेन बारीक, 25एच किंवा टी8एफ, आणि दोन्हींची पिच वेगळी असल्याने अदलाबदल होत नाही. क्लच कोरडा, सेंट्रीफ्यूगल, म्हणजे इंजिनाचा वेग वाढला की आपोआप पकडणारा. थ्रॉटल सोडूनही गाडी पुढे सरकत असेल तर आधी आयडल (थ्रॉटल सोडल्यावरचा इंजिनाचा वेग) कमी करून बघा, मग क्लचची स्प्रिंग. क्लचच्या डब्यात तेलाचा ओलावा दिसला तर क्रँकचं सील गळतंय. नुसते क्लचचे शू बदलून काही होणार नाही.

आपल्या भागातली काळी माती पावसाळ्यात स्प्रॉकेटच्या दात्यांमध्ये डिंकासारखी बसते आणि वाळली की विटेसारखी होते. ती लाकडी काडीने खरवडून काढावी. प्रेशरच्या पाण्याची धार ॲक्सलच्या बेअरिंगवर मारू नये. चेनला 90 नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने थेंब-थेंब द्यावं आणि दहा मिनिटांनी वरचं पुसून काढावं. वरून ग्रीस थापलं तर उन्हाळ्याची धूळ त्यात मिसळून घासणारा लेप होतो. पुसायला टॉवेलच्या कारखान्यातलं मोकळं सूत वापरू नका, ते इथे सहज मिळतं आणि आम्हीही वापरायचो. तुम्ही बेअरिंग काढल्यावर सीलखाली गुंडाळलेला सुताचा वेटोळा चिमट्याने ओढून दाखवलात. हातभर निघाला. त्याने सीलची कड कापली होती. तेव्हापासून आम्ही घट्ट विणीचं जुनं चादरीचं फडकं वापरतो.

आणि मूळ कारण. हबचे दाते एका दिवसात जात नाहीत. हबला दाबून धरणारे दोन मोठे नट एकमेकांवर आवळलेले असतात. ते थोडे सैल झाले की हब डुलायला लागतो, पूड पडते, मग दाते. ॲक्सल एकसंध, डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी जोडणी) नाही, त्यामुळे सिमेंटच्या अंगणात वळताना आतलं चाक घासत वळतं आणि तो सगळा पीळ या जोडांवर येतो. मातीत हाच पीळ सुटतो. मागच्या दोन्ही टायरांचा आकार आणि हवा सारखी ठेवावी. मुलाला एकच सवय लावायची: गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकायचा नाही. नवा हब बसवल्यावर तासभर गाडी चालली की नट पुन्हा आवळावेत, आम्ही ते थ्रेडलॉक (नट सैल होऊ न देणारा डिंक) लावून केलं आणि नटावर तुमच्या पद्धतीने रेघ मारून ठेवली. रेघ सरकली की आईच घरी बघून फोन करते. गाडी शेतात, कुंपणाच्या आत आणि हेल्मेट घालूनच चालते.

इंजिन आम्ही उघडलं नाही, अण्णा. गॅस्केट, तेल, दोन दिवसांची मजुरी आणि एका कुटुंबाचे पैसे वाचले. सॉकेटचं काम गेलं म्हणून तुम्ही जराही नाराज झाला नाहीत, उलट चहा पाजलात. जुना हब आमच्या काउंटरवर ठेवलाय. क्वाडचा क्लच गेला म्हणून कोणी आलं, की आधी त्याच्या आतून बोट फिरवायला देतो. दाते असायला हवेत तिथे गुळगुळीत लागतं. मग खडू देतो.

आपले ऋणी,
विजापूर रोडच्या गॅरेजमधली आम्ही सगळी