शेडला अनुदान आहे, दाणा तपासायचा कुठे?

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी कन्नड तालुक्यात वराहपालन करतो. सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातली उभी पिकं भिजली. मक्याच्या कणसांत पाणी शिरलं. जो गुलाबी-काळा दाणा माणसासाठी कुणी घेईना, तो स्वस्तात जनावरांच्या खाद्याला आला. मीही घेतला आणि त्याचाच भरडा घातला.

थोड्याच दिवसांत, ज्या माद्यांना अजून नर दाखवलाही नव्हता, त्यांची योनी सुजली. माजावर आल्यासारख्या दिसायच्या, पण तो माज नव्हता. गाभण माद्यांपैकी दोघींनी गाभ टाकला. मी साथ समजून औषधांवर पैसे घातले. डॉक्टरांनी भरडा पाहिला आणि आधी तो बंद करायला लावला. नमुना कुरिअरनं बाहेरगावच्या खाजगी प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल आला तोवर सूज उतरूनही गेली होती.

अहवालात झिरॅलेनोन निघालं. फ्युजेरियम बुरशीचं हे विष मादीच्या शरीरात इस्ट्रोजेनसारखं वागतं. याच बुरशीचं दुसरं विष, डीऑक्सीनिव्हॅलेनॉल, रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले जिवाणू बरंचसं मोडून टाकतात. डुकराला ती सोय नाही. ते खाणं सोडतं, ओकतं. शिजवून घाला, असं लोक सांगतात. शिजवल्यानं बुरशी मरते, विष राहतं. दुकानातलं मातीचं बाइंडर, म्हणजे विष धरून ठेवायला खाद्यात मिसळायची पूड, अफ्लाटॉक्सिन या दुसऱ्या बुरशीच्या विषाला धरतं, पण वरच्या दोन्ही विषांपुढे त्याचं फारसं चालत नाही. आणि वरून चांगला दिसणारा दाणाही आतून विषारी असू शकतो.

राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० माद्या आणि १० नरांच्या फार्मला ५० टक्के, जास्तीत जास्त ३० लाख रुपये अनुदान आहे. पण वराहपालनात सगळ्यात मोठा खर्च खाद्याचा, आणि ते तपासायची सोय आमच्या आवाक्यात नाही. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे आमचा नमुना परवडेल अशा दरात, आठवड्याच्या आत तपासून मिळावा. मक्याच्या हंगामात बाजार समित्यांत पट्टी-चाचणी (दाण्यातलं विष जागच्या जागी दाखवणारी कागदी पट्टी) आणि वाळवणी यंत्र असावं. ओलावा १४ टक्क्यांखाली आला तर निदान साठवणुकीत तरी बुरशी वाढणार नाही.

हा प्रश्न एकट्या डुकरांचा नाही. १९९५ मध्ये दख्खनच्या काही खेड्यांत पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन माणसं पोटदुखी-जुलाबांनी आजारी पडली होती. त्या धान्यात फ्युजेरियमचंच आणखी एक विष, फ्युमोनिसिन, सापडलं. आमच्याकडे काळी पडलेली ज्वारी आजही घरात दळली जाते.

पुढच्या खरिपाचा मका बाजारात येण्याआधी एवढं व्हावं, ही विनंती.

आपला,
एक वराहपालक
ता. कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर